बेडी : लोखंडाची आणि लक्षणेची

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) शब्दाचा मूळ अर्थ सांगून झाला की पुष्कळदा कंसात 'ल.' हे एकच अक्षर येते. त्याच्यापुढे लाक्षणिक अर्थ, म्हणजे मूळ वस्तू सोडून तिच्याशी साम्य किंवा संबंध असलेल्या दुसऱ्या गोष्टीला लावलेला अर्थ, दिलेला असतो. बेडी, खोडा, वेसण, दावे, पायबंद, मुसक्या, लोढणे अशा शब्दांच्या बाबतीत त्या एका अक्षराच्या अलीकडे लोखंड, लाकूड आणि दोर असतात, तर पलीकडे संसार, रूढी, कर्ज, कर्म आणि वचन असतात. अलीकडचा अर्थ अंगावर वळ उठवतो. पलीकडचा अर्थ दिसत नाही, तरी तो माणसाला जागचे हलू देत नाही. या दोन अर्थांपैकी शब्दावर खरा हक्क कोणाचा, एक अर्थ वापरताना दुसऱ्याची आठवण ठेवणे बोलणाऱ्यावर बंधनकारक आहे काय, आणि लोखंड विसरले गेले तर 'बेडी' या शब्दात काय उरते, हे प्रश्न व्याकरणापुरते राहत नाहीत, कारण त्यांची उत्तरे कायद्यापर्यंत आणि भक्तीपर्यंत जाऊन पोचतात.

या प्रश्नांसाठी येथे दोन वक्ते कल्पिले आहेत आणि त्यांचा संवाद धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी, त्रिविक्रम मंदिराच्या आवारात मांडला आहे. शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्याप्रमाणे हे दोघे दोन मतांचे प्रतिनिधी आहेत. पहिले आहेत शब्दकोशात रमलेले एक निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना गावात गुरुजी म्हणतात. शब्दाची किंमत त्याच्या वस्तूवरून ठरते, असे त्यांचे मत आहे. दुसरे आहेत कीर्तनकार, ज्यांना वारकरी रीतीप्रमाणे महाराज म्हटले जाते, आणि शब्द वस्तूपासून सुटल्यावरच त्याचे खरे काम सुरू होते, असे ते मानतात. स्थळ तेर निवडण्याचे कारण असे की तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आलेले तगर होय. तेथे बौद्ध, जैन, वैष्णव आणि वारकरी अशा चार परंपरांचे थर एकावर एक बसले आहेत, आणि या चारही परंपरांनी बंधनाच्या शब्दावर आपापल्या रीतीने विचार केलेला आहे.

गुरुजींनी आरंभ वस्तूपासून केला. "बेडी पायात असते आणि हातकडी हातात, हा भेद आता वर्तमानपत्रांतूनही नाहीसा झाला आहे, महाराज. खोडा म्हणजे भोके पाडलेला जाड लाकडी ठोकळा, ज्यात कैद्याचे पाय अडकवून ठेवत. आता 'कामात खोडा घातला' म्हणताना तो ठोकळा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. मुसक्या म्हणजे दोन्ही हात पाठीमागे नेऊन दंडांशी आवळून बांधणे. आता 'गुंडाच्या मुसक्या आवळल्या' याचा अर्थ त्याला पकडले एवढाच उरला. सर्वांत बोलके आहे ते 'बेड्या ठोकल्या' हे क्रियापद. जुन्या बेडीला कुलूप नसे. लोहार पायाभोवती कडे बसवून त्याचे रिव्हेट हातोड्याने ठोकत असे, आणि ती काढायची तरी पुन्हा लोहारच लागे. ठोकण्याचा तो आवाज क्रियापदात अडकून राहिला आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत तो पोचत नाही. रोजच्या बातम्यांत आरोपीला बेड्या ठोकल्या असे छापले जाते, तेव्हा बहुधा त्याला केवळ अटक झालेली असते."

यात वाईट काय, असे महाराजांनी विचारले तेव्हा गुरुजींनी न्यायालयाचा दाखला दिला. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा निर्णय दिला की कैद्याला सरसकट हातकड्या घालणे हे संविधानाशी विसंगत आहे. कैदी पळून जाण्याचा खरा धोका असेल आणि दुसरा कोणताही उपाय नसेल तरच ते करावे, त्याची कारणे नोंदवावीत. आणि 'चांगल्या वर्गा'तील कैद्याला सूट, गरीब कैद्याला मात्र कडी, हा पोलीस नियमांतील भेदही घटनाबाह्य ठरला. त्यापूर्वी १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात दंडाबेडीचा, म्हणजे पायांतील कड्यांना लोखंडी दांडे जोडून कैद्याची हालचाल जखडून टाकणाऱ्या बेडीचा, प्रश्न न्यायालयापुढे आला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ४३(३) अन्वये काही गंभीर गुन्ह्यांत आणि सराईत गुन्हेगारांच्या बाबतीत हातकडीला पुन्हा जागा दिली आहे. "जी गोष्ट कायद्याने अपवाद मानली," गुरुजी म्हणाले, "ती भाषेने नियम करून ठेवली. खरोखर हातकडी घातली होती काय, हा प्रश्न वाचकाने विचारायला हवा, पण वाक्प्रचाराने तो प्रश्नच मिटवून टाकला. लाक्षणिक अर्थ खऱ्या वस्तूवर असे पांघरूण घालतो, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे."

महाराजांचे उत्तर काव्यशास्त्रातून आले. शब्दाची जी शक्ती सरळ मूळ अर्थ सांगते तिला अभिधा म्हणतात, आणि मूळ अर्थ वाक्यात बसेनासा झाला की त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी जी शक्ती पुढे येते तिला लक्षणा म्हणतात. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत: मुख्य अर्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असावा, आणि या बदलामागे एक तर रूढी असावी किंवा प्रयोजन असावे. रूढीचे त्याने दिलेले उदाहरण 'कुशल' या शब्दाचे आहे. या शब्दाचा मूळ अर्थ कुश गवत कापून आणणारा, पण धारदार गवत बोट न कापता कापणाऱ्याचे चातुर्य पाहून तो कोणत्याही कामातील निपुण माणसाला लागला. "आता गुरुजी," महाराज म्हणाले, "कुशल डॉक्टर म्हणताना हातात गवत असलेच पाहिजे असा आग्रह धरला तर बोलणेच थांबेल. 'निबंध' या शब्दाच्या मुळाशीही बांधणेच आहे, 'प्रबंध' आणि 'संबंध' यांच्याही मुळाशी तेच आहे, 'बंधू' हा शब्दही त्याच घरचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली ती कोणाला बांधण्यासाठी नव्हती. बांधण्याच्या एका धातूपासून भाऊ, नाते आणि लेखन हे तिन्ही निघतात, ही भाषेची कृपा मानावी."

गुरुजींनी ही कृपा मान्य केली, पण मम्मटाच्या तिसऱ्या अटीतील दोन वाटा एकसारख्या नाहीत याकडे लक्ष वेधले. प्रयोजनाने केलेल्या लक्षणेत बोलणाऱ्याला मूळ वस्तू हवी असते. रूढींच्या बेड्या म्हणणाऱ्याला लोखंडाचे वजन ऐकणाऱ्याच्या पायापर्यंत पोचवायचे असते. रूढीने झालेल्या लक्षणेत मूळ वस्तू कोणालाच नको असते. 'बेड्या ठोकल्या' हा वाक्प्रचार पहिल्या वाटेने निघाला आणि दुसऱ्या वाटेवर येऊन पडला, अशी त्यांची तक्रार होती. संवादाचा खरा धागा येथे हाती येतो, कारण यापुढे प्रश्न अर्थ कोणता खरा हा राहत नाही. कोणत्या वापरात लोखंड जिवंत आहे आणि कोणत्या वापरात ते मेले आहे, हा होतो.

महाराजांनी मग समोरच्या मंदिराकडे हात केला. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा वामन. भागवताच्या आठव्या स्कंधात बळीने तीन पावले भूमी देण्याचे वचन दिले, दोन पावलांतच सारे व्यापले गेले, आणि तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही तेव्हा गरुडाने बळीला वरुणपाशाने बांधले. पाश म्हणजे फास, गळ्यात किंवा अंगाभोवती पडणारा दोर. वरुण ही वचनभंगाला शासन करणारी वैदिक देवता, आणि म्हणून तिचे शस्त्र दोर आहे. "येथे दोर खरा की लाक्षणिक, हे सांगता येईल काय?" महाराजांनी विचारले. "बळी म्हणतो की त्याला पाशाचे भय नाही, भय आहे ते अपकीर्तीचे. म्हणजे अंगावरचा दोर त्याला बांधत नाही, त्याला बांधतो तो दिलेला शब्द, आणि तो पुरा करण्यासाठी तिसऱ्या पावलाला तो मस्तक पुढे करतो. पुढे बळी सुटतो आणि सुतलात राहायला जातो, तर विष्णू हातात गदा घेऊन त्याच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभा राहतो. बांधणाराच बांधला गेला. लक्षणेशिवाय ही कथा सांगताच येत नाही."

"सांगता येते, महाराज, आणि महाराष्ट्रात ती सांगितली गेली आहे," असे म्हणून गुरुजींनी जोतीराव फुल्यांचे नाव घेतले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त फुल्यांनी बळीला न्यायी राजा आणि वामनाला आक्रमक म्हणून वाचले. त्या वाचनात पाश हा पाशच आहे. फसवून, जिंकून, बांधून नेलेल्या माणसाच्या अंगावरचा तो दोर आहे, आणि ज्याने बांधले त्याच्या कृपेची भाषा तेथे चालत नाही. गुरुजींच्या मते संतपरंपरेतील सर्वांत मोठा धोका हाच आहे की बांधलेल्याच्या तोंडी बंधनाचे गोडवे घातले जातात.

महाराज क्षणभर गप्प राहिले, आणि मग त्यांनी फुल्यांच्याच ग्रंथाचे शीर्षक पुढे केले. गुलामगिरी हा शब्द ज्यांना अक्षरशः लागू होता ती माणसे अमेरिकेत होती, विकली-खरीदली जाणारी, साखळ्यांनी बांधून नेली जाणारी. फुल्यांनी ग्रंथ अर्पण केला तो तेथील गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना, आणि शब्द मात्र आणला येथील शूद्रातिशूद्रांच्या स्थितीसाठी, ज्यांच्या पायांत त्या साखळ्या नव्हत्या. "ही लक्षणाच आहे, गुरुजी. फुल्यांनी अभिधेवर थांबायचे ठरवले असते तर येथील गुलामगिरीला नावच मिळाले नसते." हा मुद्दा निरुत्तर करणारा आहे, आणि गुरुजींनीही तो टाळला नाही. त्यांनी एवढेच म्हटले की फुल्यांनी साखळी विसरू दिली नाही. अर्पणपत्रिकेत त्यांनी खरी साखळी आणि खरी मुक्तता आधी ठेवली आणि मगच तो शब्द इकडे आणला.

त्रिविक्रमाचे हे मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार, गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी आहे. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पाहणी केली तेव्हा ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत त्यांनी मांडले. या थरावर पाय ठेवून गुरुजींनी एक शब्द पुढे आणला, जो कोशप्रेमी माणसाला मोहात पाडील असाच आहे. पालीत माणसाला जन्ममरणाशी जखडणाऱ्या दहा बेड्या सांगितल्या आहेत आणि त्यांना 'संयोजन' म्हणतात. मराठीत संयोजन म्हणजे आखणी, आणि संयोजक म्हणजे समारंभाची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. जोडणे या एकाच क्रियेतून एकीकडे बेडी निघाली आणि दुसरीकडे व्यवस्थापन निघाले. (जोडणे आणि जखडणे यांत शब्दाच्या पातळीवर फारसे अंतर नाही, हे जू आणि योग या सख्ख्या शब्दांवरूनही दिसते; पेरिप्लसच्या काळात तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल ज्या गाड्यांतून वाट नसलेल्या मुलखातून भडोचकडे जात असे, त्या गाड्याही जुवाखाली जोडलेल्या बैलांनीच ओढल्या असणार.)

संयुत्तनिकायात चित्त नावाच्या गृहस्थाने थेर भिक्खूंपुढे दिलेला एक दृष्टान्त गुरुजींनी येथे सांगितला. एक काळा बैल आणि एक पांढरा बैल एकाच दाव्याने किंवा एकाच जुवाने बांधलेले आहेत. अशा वेळी काळा बैल हा पांढऱ्याचे बंधन आहे किंवा पांढरा काळ्याचे, असे म्हणता येईल काय? येणार नाही, कारण बंधन आहे ते दोघांना एकत्र बांधणारे दावे. तसेच डोळा रूपाला बांधत नाही आणि रूप डोळ्याला बांधत नाही, त्या दोहोंच्या संगतीत जी तृष्णा उपजते ती बंधन होय. पालीतील मूळ शब्द 'दाम' आहे, आणि मराठीतील दावे त्याच दामन् शब्दापासून आलेले आहे, म्हणजे तेरच्या कोणत्याही गोठ्यात हा शब्द आजही खुंटीला टांगलेला सापडतो. "ही लक्षणा मान्य आहे," गुरुजी म्हणाले, "कारण तिच्यात दावे दिसते, बैल दिसतात, आणि कोण कोणाला बांधत नाही हेही नेमके सांगितले जाते. चांगली लक्षणा दोर दाखवते, तो कोठून कोठवर जातो हे दाखवते. वाईट लक्षणा फक्त 'बंधन बंधन' असा घोष करते."

जैन मत या वादात वेगळ्याच बाजूने येते, आणि ते दोघांनाही अडचणीत टाकते. तेर हे जैनांचेही जुने स्थान आहे. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरचा उल्लेख येतो आणि धाराशिवच्या लेण्यांशी ती कथा जोडली जाते. जैन दर्शनात जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष अशी सात तत्त्वे मानली आहेत, आणि त्यांतील 'बंध' हा शब्द लाक्षणिक नाही. कर्म म्हणजे अत्यंत सूक्ष्म पुद्गल, म्हणजे द्रव्याचे कण, आणि कषाय म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ यांच्या चिकटपणामुळे ते जीवाला खरोखर चिकटतात. या बंधाची प्रकृती म्हणजे जात, स्थिती म्हणजे मुदत, अनुभाग म्हणजे तीव्रता आणि प्रदेश म्हणजे राशी, अशी चार अंगांनी मोजणीही केली आहे. ज्याला महाराज रूपक समजत होते ते येथे पदार्थविज्ञान झाले, आणि ज्याला गुरुजी केवळ लोखंडात शोधत होते ते दृष्टीला न दिसणाऱ्या कणांत सापडले. त्याच परंपरेत कुंदकुंदाचार्यांनी समयसारात पुण्यालाही सोडलेले नाही: लोखंडाची बेडी जशी बांधते तशी सोन्याचीही बांधते, आणि शुभ कर्म ही सोन्याची बेडी होय. बेडी या शब्दाचा याहून कठोर वापर भारतीय विचारात क्वचितच झाला असेल, कारण येथे माणसाला हवीशी वाटणारी गोष्टच बेडी म्हणून दाखवली आहे.

तेरचे कुंभार संत गोरोबाकाका यांचा विषय निघणे येथे अटळ होते. परंपरा सांगते की चिखल तुडवताना नामात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे मूल सापडले, पुढे पत्नीने विठ्ठलाची आण घालून स्पर्शाला मनाई केली, दुसऱ्या विवाहानंतर दोघी बहिणींना सारखे वागवण्याची आण सासऱ्यांनी घातली, म्हणून तेच व्रत धाकटीच्या बाबतीतही पाळले गेले, आणि ते मोडल्यासारखे झाले तेव्हा गोरोबांनी आपले हात तोडले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते हात पुन्हा फुटले. महाराजांच्या दृष्टीने ही आण, म्हणजे शपथेने घातलेली मनाई, हीच खरी बेडी होती, कारण तिला ना लोहार लागला ना कुलूप, तरी ती हातापेक्षा बळकट निघाली. गुरुजींनी विचारले की तिचा भार कोणी वाहिला. मूल गेले ते आईचे, आण घातली ती दुःखाने वेड्या झालेल्या स्त्रीने, आणि तिची धाकटी बहीण त्या आणेत न विचारता ओढली गेली. बौद्धांच्या दहा बेड्यांतील तिसरी बेडी सीलब्बतपरामास, म्हणजे व्रतनियमांना आंधळेपणाने धरून बसणे, ही आहे, याचीही त्यांनी आठवण दिली. महाराजांनी यावर प्रतिवाद केला नाही. ते म्हणाले की कथा हात तुटण्यावर संपत नाही, हात फुटण्यावर संपते, आणि देवाने शेवटी ती आण सोडवली हेच कीर्तनात सांगायचे असते. पण बायकोची बाजू सांगणारे कीर्तन अजून व्हायचे आहे, हेही त्यांनी कबूल केले. या कबुलीचे मोल मोठे आहे.

स्त्रियांचा उल्लेख निघताच 'लग्नाची बेडी' हा शब्दप्रयोग येणारच होता. आचार्य अत्र्यांचे त्या नावाचे नाटक १९३६ मध्ये रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून तो वाक्प्रचार हसण्यावारी नेण्याची सवय मराठी माणसाला लागली, पण त्याच्या अर्धशतक आधी मुंबईच्या न्यायालयात ही बेडी लोखंडाच्या अगदी जवळ पोचली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजी भिकाजी यांनी दावा लावला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्यात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कारावास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. गुरुजींना या प्रसंगातून एवढेच दाखवायचे होते की ज्याला लाक्षणिक म्हणून सोडून दिले जाते त्याच्या मागे अनेकदा एक खरा तुरुंग उभा असतो, आणि लक्षणा मोडायचा प्रयत्न करणाऱ्यालाच त्याच्या भिंती दिसतात.

कीर्तनकार म्हणून गावोगाव फिरणाऱ्या महाराजांनी मग उचलीचा विषय काढला, आणि येथून संवादाचे वळण बदलले. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला व्यवहारात एक 'कोयता' म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून काही रक्कम आगाऊ घेते, तिला उचल म्हणतात. ती लग्नात, आजारपणात, जुने कर्ज फेडण्यात संपते, आणि मग कोयता हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांनी ती फेडत राहतो. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. "येथे दोर नाही, कडी नाही, कुलूप नाही," महाराज म्हणाले, "तरी माणूस फड सोडून जाऊ शकत नाही. ही बेडी लाक्षणिक म्हणायची काय?"

ज्याची अपेक्षा नव्हती ते उत्तर गुरुजींनी दिले. त्यांनी म्हटले की ही बेडी लाक्षणिक नाही, आणि तसे कायदाही म्हणत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बिगार आणि सक्तीच्या श्रमाला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती उच्चाटनाच्या कायद्याने बांधलेल्या श्रमाची व्याख्या करताना साखळीचा आधार घेतला नाही, आगाऊ रकमेचा घेतला: आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाने हिंडण्याचे, दुसरीकडे काम धरण्याचे किंवा बाजारभावाने मजुरी मिळवण्याचे स्वातंत्र्य गमावले, तर तो बांधलेला होय. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांसंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी 'सक्ती' या शब्दाचा अर्थ अधिक खोल नेला आणि दारिद्र्यापोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करावे लागणे हीदेखील सक्तीच आहे, असे ठरवले. "न्यायालयाने येथे लक्षणा वापरली नाही," असे गुरुजींचे म्हणणे होते. "सक्ती या शब्दाच्या मूळ अर्थातच हे होते, पण आपण दोरखंड शोधत बसल्यामुळे ते दिसले नव्हते." ज्या माणसाने संवादाच्या आरंभी लोखंडाचा आग्रह धरला होता त्यानेच शेवटी लोखंड नसलेल्या बेडीला मूळ अर्थात जागा दिली, यात विसंगती दिसेल, पण ती नाही. बेडी ही वस्तू लोखंडामुळे बेडी होत नाही; चालण्यापासून अडवते म्हणून ती बेडी असते, आणि अडवणारा हिशेबाची वही वापरतो की हातोडा हा भेद साधनाचा आहे.

महाराजांनी आता उलट बाजू घेतली आणि खऱ्या साखळीचे स्मरण करून दिले. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण जळून गेले, कारण त्यांना साखळ्यांनी जखडून ठेवले होते; श्रद्धेने आणलेल्या त्या माणसांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली, आणि कलम ९७ ने शारीरिक जखडणूक फक्त तातडीची इजा टाळण्यापुरती, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि शिक्षा म्हणून कधीही नाही, एवढीच मर्यादित ठेवली. "मायेचा पाश, मोहाचे साखळदंड, असे शब्द कीर्तनात रोज येतात," महाराज म्हणाले. "एरवाडीनंतर ते शब्द उच्चारताना जीभ अडखळायला हवी होती."

शेवटी बोलणे क्रियापदांवर आले, आणि येथे दोघांचेही मत जुळले. मराठीत बेडी 'पडते', 'घातली जाते', 'ठोकली जाते', आणि उलट बाजूने 'तुटते', 'तोडली जाते', 'काढली जाते', 'गळून पडते'. 'पायात बेड्या पडल्या' या वाक्यात त्या टाकणारा कोणी नाही, जणू त्या पावसासारख्या वरून आल्या. 'बेड्या घातल्या' म्हणताच कोणी घातल्या हा प्रश्न उभा राहतो. लाक्षणिक वापरात पडणे हे क्रियापद फार आवडते ठरले आहे: परिस्थितीच्या बेड्या पडतात, रूढींच्या पडतात, कर्जाच्या पडतात. गुरुजींनी कोशासाठी सुचवलेली दुरुस्ती अशी होती की उचल हा अर्थ बेडीच्या नोंदीत त्या एकाक्षरी कंसाच्या अलीकडे घ्यावा. महाराजांनी ती मान्य केली आणि पुढे जोडले की उदाहरणवाक्य देताना क्रियापद पडणे नसावे, घालणे असावे, आणि घालणाऱ्याची जागा वाक्यात रिकामी ठेवू नये. भागवतात बळीला बांधणारा गरुड आहे, पाश वरुणाचा आहे, आणि सोडवण्याची आज्ञा देणाराही नावानिशी उभा आहे. बलिप्रतिपदेला घरोघरी ओवाळताना ज्या राजाचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा बोलली जाते तो हाच बळी, आणि दिवाळीच्या त्याच दिवसांच्या मागेपुढे मराठवाड्यातील कोयते उचल फेडण्यासाठी गाड्यांत बसून ऊसपट्ट्याकडे निघालेले असतात.